उल्का पाहायच्या, पण केव्हा?

१७ नोव्हेंबर १९९८ च्या रात्री महाराष्ट्रात असंख्य माणसे गच्च्यांवर आणि माळांवर जागत बसली होती. सिंह राशीतून उल्कांचा पाऊस पडणार, असे भाकीत होते आणि वेळही ठरलेली होती : मध्यरात्रीनंतर सुमारे सव्वा वाजता. आम्हीही जागलो. उल्का दिसल्या, पाऊस नव्हता. खरी बहार आदल्या पहाटे होऊन गेली होती. मोठमोठे अग्निगोल, त्यांच्यामागे रेंगाळणाऱ्या तेजाच्या रेघा! आणि तेव्हा आम्ही झोपलो होतो.

गणित कोठे चुकले? ही कथा जुनी आहे. १८३३ च्या १२-१३ नोव्हेंबरच्या रात्री अमेरिकेत एवढ्या उल्का पडल्या की लोकांना जगबुडीच आली असे वाटले. येल येथील प्राध्यापक डेनिसन ऑल्मस्टेड यांनी वृत्तपत्रातून लोकांकडे त्यांची निरीक्षणे मागितली. उल्कांच्या वाटा मागे वाढवल्या तर त्या सिंह राशीतील एकाच ठिकाणी मिळतात, हे ध्यानात आले. रुळांची जोडी दूरवर एकत्र आल्यासारखी दिसते ना, तसेच हे. म्हणजे उल्का ही हवेतली घडामोड नव्हती. बाहेरून, समांतर वाटांनी काहीतरी येत होते. पुढे ह्यूबर्ट न्यूटन यांनी इ.स. ९०२ पर्यंतच्या जुन्या नोंदी चाळून सुमारे ३३ वर्षांचे आवर्तन शोधले आणि १८६६ चे भाकीत केले. ते युरोपात खरे ठरले. त्याच सुमारास सापडलेला टेम्पल-टटल धूमकेतूही ३३ वर्षांनीच परततो. उल्का म्हणजे त्याने वाटेत सांडलेली धूळ!

एवढे कळल्यावर १८९९ मध्ये जगभर लोक जागले, आणि फसले. गुरू आणि शनी यांच्या ओढीने धुळीचा पट्टा बाजूला सरकला होता. पट्टा एकच नसतो, ही यातली मेख. धूमकेतूच्या प्रत्येक फेरीची धूळ वेगळी धार धरून चालते. १९९८ च्या त्या पहाटेचे खडे १३३३ सालच्या फेरीतले होते, हे नंतरच्या गणिताने दाखवले. रॉबर्ट मॅकनॉट व डेव्हिड ॲशर यांनी प्रत्येक धार स्वतंत्रपणे मोजून २००१ चे भाकीत केले, ते बरोबर आले. मात्र १८ नोव्हेंबरचा तो ऐन भर भारतीय वेळेनुसार रात्री पावणेबाराच्या सुमारास होता, आणि परभणीच्या क्षितिजावर उल्कांचे ते उगमस्थान येते सव्वाबाराच्या सुमारास. जपानात तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते आणि सिंह रास चांगली वर आलेली होती. भाकीत अचूक, पण आपल्या अंगणासाठी नव्हे!

म्हणून शिक्षकांनी "तारीख कोणती?" एवढ्यावर थांबू नये. पावसात धावणाऱ्या एसटीची पुढची काच मागच्या काचेपेक्षा जास्त भिजते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि मध्यरात्रीनंतर आपण तिच्या पुढच्या काचेकडे येऊ लागतो. सिंहेच्या उल्का तर समोरून येऊन सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने आदळतात. त्या पाहायच्या तर पहाटे साडेतीन ते पाच.

इंग्रजी पुस्तके ऑगस्टच्या १२-१३ तारखेची भलामण करतात. ती पुस्तके लिहिणाऱ्यांना आपला पावसाळा माहीत नसावा. परभणीकरांनी १३-१४ डिसेंबरची रात्र धरावी. मिथुनेच्या या उल्का १८६२ पासून नोंदलेल्या आहेत, पण त्यांचा जनक १९८३ मध्ये एका उपग्रहामुळे सापडला : फेथॉन, चक्क लघुग्रहासारखा! मिथुनेतील उगमस्थान परभणीत संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उगवते, म्हणून लहान मुलांनाही रात्री दहापासून उल्का दिसू शकतात. दोन वाजून वीस मिनिटांच्या आसपास ते जवळजवळ डोक्यावर, ७६ अंशांवर असते. चंद्र मोठा असेल त्या वर्षी त्याच्या उगवण्या-मावळण्याची वेळ आधी पाहावी.

शहराच्या दिव्यांपासून दूर, जिंतूरकडच्या एखाद्या गावात माळवदावर घोंगड्या टाकून मुलांना उताणे झोपवा. दुर्बीण नको. चार मुलांनी चार दिशा वाटून घ्याव्यात, पाचव्याने पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे वहीत लिहावेत. टॉर्चला लाल कागद लावून. ऑल्मस्टेडनी मागितली होती ती याहून फार वेगळी नोंद नव्हती.