आपली आवड, पाली, जिल्हा रत्नागिरी

आपण सध्या काय ऐकतोय हे हल्ली अ‍ॅपच परस्पर जगाला सांगून टाकतं. का ऐकतोय, ते मात्र राहूनच जातं. हा उद्योग तसा जुनाच, मंडळी! १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पडली. झालं, श्रोते वळले रेडिओ सिलोनकडे. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पत्रांचा पाऊस पडला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला 'विविध भारती' काढावी लागली.

मराठीत फर्माईशींसाठी मुंबई केंद्राची 'आपली आवड' होती. त्यात गाण्याआधी श्रोत्यांची नावं-गावं वाचत. पालीहून माझी आत्या नेमाने पत्र टाकायची. गाणं कुठलं, हा प्रश्न दुय्यम. गिरणीत कामाला असलेल्या काकांना चाळीतल्या रेडिओवर 'पाली, जिल्हा रत्नागिरी' ऐकू यावं, घरी आपली आठवण निघते हे कळावं, एवढंच. निवेदकाला हे 'का' ठाऊक नसायचं, काकांना न सांगता कळायचं.

नुसत्या लिंकवरून एवढं कळत नाही. म्हणून मी गाणं पाठवताना सोबत एक ओळ लिहितो : का, ते.