एव्हरेस्टवर ३ मिनिटं ५० सेकंद

१४ मे २००५. दिदिये देल्साल या फ्रेंच वैमानिकानं हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं आणि ३ मिनिटं ५० सेकंद तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा! म्हणजे यंत्र वर पोचलं. मग गिर्यारोहण संपलं का? छे हो, उलट गर्दी वाढली. मेसनर आणि हाबेलर तर १९७८ मध्येच ऑक्सिजनच्या नळकांड्याविना वर जाऊन आले होते. ते मिळत नव्हतं म्हणून नव्हे, नको होतं म्हणून.

एआय कोड लिहायला लागल्यापासून आम्ही आयटीवाले असेच दाखले देऊन एकमेकांना धीर देतो. पण राव, हे दाखले हौसेनं चढणाऱ्यांचे. आपण पगारी माणसं, आपली जागा शेर्पांच्या रांगेत.

१८ एप्रिल २०१४ ला खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ जण गेले, बहुतेक शेर्पा. दुसऱ्यांच्या मोहिमांचं काम करत होते. २०२५ च्या मोसमात त्याच वाटेवर शिड्या-दोर पोचवायला ड्रोन आले; तासांचं काम मिनिटांत. मला तो ड्रोन मेसनरइतकाच थोर वाटतो. फक्त वाचलेल्या फेऱ्यांची मजुरी आता कोणाच्या खिशात जाते, एवढं कोणीतरी विचारा.