हक्कभंग नेमका कुणाचा? संसदीय समित्या, विशेषाधिकार आणि सरकारचे उत्तरदायित्व

‘हक्कभंग’ हा शब्द बातमीत आला की आपल्या मनात एकच चित्र उभे राहते : कुणीतरी आमदार-खासदारांबद्दल कडक बोलले आणि आता त्याला नोटीस जाणार. हे चित्र खोटे नाही, पण अर्धवट आहे. सरकारला प्रश्न विचारताना लोकप्रतिनिधीला कुणाची भीती वाटू नये, समितीने मागितलेली माहिती तिला मिळावी आणि सभागृहाची दिशाभूल करणाऱ्याला जाब द्यावा लागावा, यासाठी संसदेला विशेषाधिकार दिलेले आहेत. ते सभागृहाचे आहेत. सरकारचे नाहीत आणि सत्ताधारी पक्षाचेही नाहीत. हा फरक आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेबांनी उत्तरदायित्वाला झुकते माप दिले

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी शासनपद्धतीचा प्रश्न दोन कसोट्यांवर तपासला : स्थैर्य आणि उत्तरदायित्व. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धत उत्तरदायित्व अधिक देते आणि दोन्ही एकाच वेळी सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून कुणाला सापडलेली नाही, अशी त्यांची मांडणी होती. मसुद्याने उत्तरदायित्वाला प्राधान्य दिले, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

सरकारचे मूल्यमापन दोन प्रकारे होते, असेही ते म्हणाले. एक मतदार ठरावीक काळाने निवडणुकीत करतात. दुसरे संसद सदस्य रोज करतात : प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव यांतून. भारतासारख्या देशाला रोजचे मूल्यमापन अधिक गरजेचे आहे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे पाच वर्षांनी मत दिले की आपले काम संपले, ही समजूत संविधानाच्या मुळाशीच विसंगत आहे.

कायद्यात काय आहे?

संसदेचे विशेषाधिकार अनुच्छेद १०५ मध्ये आणि राज्य विधिमंडळांचे अनुच्छेद १९४ मध्ये आहेत. सभागृहात किंवा त्याच्या समितीत सदस्य जे बोलेल किंवा जे मत देईल, त्याबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. बाकीच्या विशेषाधिकारांची यादी मात्र संविधानात नाही. संसदेने कायदा करेपर्यंत ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे जे विशेषाधिकार, तेच आपले, असे मूळ संविधानात म्हटले होते. स्वतंत्र देशाने परक्या सभागृहाचा आधार का घ्यावा, असा आक्षेप संविधान सभेत घेतला गेला. सगळी यादी संविधानात घालणे व्यवहार्य नाही, संसद पुढे कायदा करू शकते, हे त्यावरचे उत्तर होते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचे नाव वगळले गेले, पण आशय फारसा बदलला नाही. आणि विशेषाधिकारांची व्याख्या करणारा तो कायदा संसदेने आजवर केलेला नाही. हक्कभंग कशाला म्हणायचे, हे बव्हंशी सभागृहच ठरवते. सारी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

समितीची खोली

सभागृहातला गोंधळ आपण टीव्हीवर पाहतो. सरकारची खरी तपासणी होते ती समितीच्या बंद खोलीत. लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात : लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचे अहवाल ती तपासते. कॅगचे पद न्यायपालिकेपेक्षाही महत्त्वाचे आहे, असे बाबासाहेबांनी संविधान सभेत म्हटले होते, हे लक्षात ठेवावे.

विभागांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ सदस्य असतात. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी ३० सदस्यांची वेगळी संसदीय समिती आहे. आरक्षणाची अंमलबजावणी, रिक्त जागांचा अनुशेष, योजनांचा निधी यांवर ती सचिवांना आणि सार्वजनिक उपक्रमांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समितीही आहे.

समिती साक्षीदार बोलावू शकते, कागदपत्रे मागवू शकते. पण नियमात एक मोठी फट आहे. कागद उघड केल्याने राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल, असे कारण देऊन सरकार तो नाकारू शकते. शिवाय आर्थिक समित्यांपुढे मंत्र्यांना साक्षीला बोलावले जात नाही, सचिव येतात. धोरण मंत्र्यांचे आणि उत्तर अधिकाऱ्याचे, अशी ही विभागणी आहे.

२८ एप्रिल २०११ : बहुमत कुणाचे?

टू-जी स्पेक्ट्रमच्या वाटपावर कॅगचा अहवाल आला, तेव्हा लोकलेखा समितीचे अध्यक्ष भाजपचे मुरली मनोहर जोशी होते. संयुक्त संसदीय समिती नेमावी, या मागणीवरून २०१० चे हिवाळी अधिवेशन जवळजवळ वाया गेले. त्या काळात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकलेखा समितीपुढे येण्याची तयारी पत्राने कळवली होती.

पुढे समितीच्या अहवालाचा मसुदा तयार झाला. तो पंतप्रधान कार्यालयावर टीका करणारा होता आणि समितीत चर्चा होण्याआधीच माध्यमांत फुटला. अहवाल सादर होण्यापूर्वी फुटणे हा स्वतःच हक्कभंगाचा विषय. २८ एप्रिल २०११ च्या बैठकीत मोठा वाद झाला. अध्यक्ष बैठक सोडून गेले. त्यानंतर काँग्रेस आणि द्रमुकच्या सदस्यांनी समाजवादी पक्ष आणि बसपच्या सदस्यांच्या साथीने मसुदा फेटाळला. २१ पैकी ११ सदस्य विरोधात होते. जोशींनी मसुदा लोकसभा अध्यक्षांकडे पाठवला, अध्यक्ष मीरा कुमार यांनी तो परत केला. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने या प्रकरणातील आरोपींना निर्दोष सोडले, हेही नोंदवले पाहिजे.

कोण बरोबर होते, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. मुद्दा वेगळा आहे. समितीत बसलेला सदस्य पक्षाचा प्रतिनिधी म्हणून मत देतो की सभागृहाचा? एकदा मतदान पक्षाच्या रेषेवर झाले की समिती सभागृहाचीच छोटी प्रतिकृती होते आणि जिथे सरकारचे बहुमत, तिथे चौकशी थांबते.

ज्यांचे विशेषाधिकार घेतले, त्यांच्याकडे काय झाले?

हाउस ऑफ कॉमन्समधले अलीकडचे उदाहरण पाहू. कोविडच्या टाळेबंदीत पंतप्रधान निवासात पार्ट्या झाल्या आणि त्याबद्दल पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहाची दिशाभूल केली, असा आरोप होता. प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेले. सात सदस्यांच्या या समितीत चार जण जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते, अध्यक्ष हॅरिएट हार्मन विरोधी मजूर पक्षाच्या. मार्च २०२३ मध्ये समितीने जॉन्सन यांची तीन तासांहून अधिक जाहीर उलटतपासणी केली. तोवर ते पंतप्रधानपदावरून गेले होते, पण खासदार होते. समितीचा निष्कर्ष हाती येताच त्यांनी खासदारकीही सोडली. त्यांनी जाणीवपूर्वक दिशाभूल केली, ते सदस्य असते तर ९० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली असती, असे समितीने जाहीर केले. १९ जून २०२३ रोजी सभागृहाने तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला.

तिथली लोकशाही निर्दोष आहे, असे मुळीच नाही. पण विशेषाधिकाराचे तोंड त्या दिवशी सत्तेकडे होते.

काठीचे तोंड नागरिकाकडे वळते तेव्हा

आपल्याकडे ते अनेकदा उलट दिशेने वळले आहे. १९६४ मध्ये गोरखपूरचे समाजवादी कार्यकर्ते केशव सिंह यांनी एका आमदारावर भ्रष्टाचाराचा आरोप करणारे पत्रक काढले. उत्तर प्रदेश विधानसभेने त्यांना सात दिवसांच्या कैदेत धाडले. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला. शेवटी राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. असा अर्ज ऐकण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, असे न्यायालयाने बहुमताने सांगितले.

महाराष्ट्रात जुलै २०२१ मध्ये विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निलंबन घटनाबाह्य ठरवले : चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन मतदारसंघालाच प्रतिनिधीविना ठेवते. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, बहुमताच्या हातात हे शस्त्र सारखेच असते.

मार्च २०२४ मध्ये सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९९८ चा जुना निकाल रद्द केला आणि लाच घेऊन मत देणाऱ्या वा भाषण करणाऱ्या सदस्याला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, असे ठरवले. दिलेली कसोटी उपयोगी आहे : दावा केलेला विशेषाधिकार सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी जोडलेला आहे का आणि सदस्याचे कर्तव्य बजावण्यासाठी तो आवश्यक आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो विशेषाधिकारच नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी

समित्या विधेयकांवर आणि विषयांवर जाहिरात देऊन लोकांची निवेदने मागवतात. आपल्या संघटनांनी ती मुदतीत, मुद्देसूद आणि आकडेवारीसह पाठवावीत. एक खबरदारी मात्र हवी. समितीला दिलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते. पाठवल्यानंतर ते समाजमाध्यमांवर टाकले, तर तोच हक्कभंग ठरू शकतो.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. समितीपुढे साक्ष दिली म्हणून कुणाला धमकावणे किंवा त्रास देणे हाही हक्कभंग आहे. शिष्यवृत्ती का रखडली, पदोन्नती का अडली, हे समितीला सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या पाठीशी हाच विशेषाधिकार उभा राहू शकतो.

तिसरे, अहवाल सादर झाल्यावर तो वाचावा आणि पुढचा कृती अहवालही मागवून वाचावा. समितीची कोणती शिफारस सरकारने स्वीकारली, कोणती टाळली, हे त्यात असते. तुमच्या जिल्ह्याचा खासदार कोणत्या समितीवर आहे, किती बैठकांना गेला, हे विचारा. राज्य विधिमंडळाच्या अनुसूचित जाती कल्याण समितीचा दौरा जिल्ह्यात येतो, तेव्हा हार-सत्कार अधिकाऱ्यांवर सोडा, आपण कागद घेऊन जा.

बाबासाहेबांनी ज्या रोजच्या मूल्यमापनावर भर दिला, ते समितीच्या खोलीत होते. त्या खोलीत आपल्याला बसता येत नाही. पण तिथे कोणता प्रश्न विचारला जाईल, हे ठरवण्यात आपला वाटा असू शकतो.