जन्मकाळाला आठ मिनिटं कमी

७ डिसेंबर २०२२, बुधवार, दत्तजयंती. नृसिंहवाडीतल्या एका फोटो स्टुडिओतला एडिटिंगचा कॉम्प्युटर दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. ५ वाजता देवळात जन्मकाळ होता. स्टुडिओ माझ्या मामेभावाचा. खालच्या वेळा त्याच्या मोबाइलमधल्या मेसेज आणि फोटोंवरून लावल्या आहेत. कॉम्प्युटरमधल्या नोंदी उरल्या नाहीत.

नऊ महिने आधी.
मशीन कोल्हापुरात बांधून घेतलं. रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. बजेट तिथंच संपलं. एसएमपीएससाठी, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या सप्लायसाठी, दोन डबे समोर आले. एक ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड, सात वर्षांची वॉरंटी, साडेआठ हजार. दुसऱ्यावर ६०० वॅट छापलेलं, वॉरंटी एक वर्ष, एकोणीसशे. "दादा, सहाशे वॅट म्हणजे डोक्यावरून पाणी," दुकानातला पोरगा म्हणाला. एकोणीसशेचा घेतला.

डब्याच्या आतल्या एसएमपीएसवर स्टिकर होता. तो कुणी वाचला नाही. ३.३ व्होल्टला २४ अँपिअर, ५ व्होल्टला २० अँपिअर, १२ व्होल्टला २८ अँपिअर. गुणाकार केला तर ७९, १०० आणि ३३६ वॅट. तिन्हींची बेरीजही ५१५ च्या पुढं जात नाही. पण बेरजेला तसा अर्थ नाही, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टच्याच लाइनवर जेवतात. कार्ड २२० वॅटचं. प्रोसेसर पूर्ण जोरात १४२ पर्यंत जातो. ३६२ झाले, पंखे आणि डिस्क सोडून. आणि अशी कार्डं काही क्षण आपल्या आकड्याच्या बरीच वर उसळी मारतात. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटचा सप्लाय सुचवते, तो या उसळ्या धरून.

कार्डाला ८ पिनच्या दोन वायरी लागत होत्या. सप्लायला एकच होती. दुसरी मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावून भागवली. माझ्या मते निकाल इथंच लागला होता.

(महागडं नाव घेतलं की सुटलो, असंही नाही. गिगाबाइटचे ७५० आणि ८५० वॅटचे गोल्ड सप्लाय तपासणीत फुटले; ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीनं ते बदलून द्यायची तयारी दाखवली. गोल्डचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणाचं काही सांगत नाही.)

सतरा दिवस आधी.
रेंडर लावल्यावर मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. विंडोज नव्यानं टाकलं. साधं कटिंग करताना त्रास नव्हता, म्हणून शंका सॉफ्टवेअरवरच राहिली.

६ डिसेंबर, रात्री ९:४०.
४ तारखेच्या लग्नाचं शूटिंग, २१२ जीबी, कॉम्प्युटरच्या एसएसडीवर होतं. हार्ड डिस्कवर दुसरी प्रत टाकायला घेतली. एडिटिंग अडखळायला लागलं. कॉपी थांबवली, जयंती झाल्यावर करू.

७ डिसेंबर, पहाटे ४:१५.
कॅमेऱ्याची दोन्ही कार्डं फॉरमॅट केली. लग्नाची आता एकच प्रत. फॉरमॅट केलेल्या कार्डावरचं बरंचसं परत काढता येतं, त्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर.

सकाळी ७:३०.
अभिषेकाचं शूटिंग सुरू. पहिलं कार्ड भरू लागलं.

दुपारी १:२०.
लाइट क्षणभर गेली. यूपीएस पीं पीं वाजला, तरी मशीन बंद पडलं. वीज तुटल्यावर सप्लायनं निदान १६ मिलिसेकंद तग धरावा, असा एटीएक्सचा जुना निकष आहे. तेवढ्या वेळात यूपीएस भार उचलतो. तो तग आतल्या कपॅसिटरचा असतो. दोष यूपीएसच्या बॅटरीला दिला गेला.

दुपारी २:०५.
पहिलं कार्ड भरलं. दुसरं घातलं.

दुपारी ३:४०.
स्टुडिओत गरम वास. शेजारी खव्याची कढई चालू होती, तिचाच असेल. मदतनीस पोरानं कॅबिनेटचं एक झाकण काढून समोर टेबल फॅन लावला. त्याचा फोटो आहे. फोटोत कन्व्हर्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका कडेला पिवळं पडलेलं दिसतं.

दुपारी ४:१०.
मामेभाऊ कॅमेरा घेऊन देवळाकडं निघाला. जाताना पोराला सांगितलं: सकाळच्या अभिषेकाची तीन मिनिटांची क्लिप रेंडरला लाव, रात्री पालखीआधी टाकायची आहे. गाभाऱ्याचा भाग अंधारा होता. नॉइज रिडक्शन लाव, असंही सांगितलं. त्यानं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकदम जुंपले जातात.

दुपारी ४:३१.
रेंडर सुरू.

दुपारी ४:४४.
पोराचा मेसेज: ६२ टक्के.

दुपारी ४:५२.
फटाका फुटल्यासारखा एक आवाज. स्क्रीन काळी.

दुपारी ४:५५.
मेसेज: "दादा पीसी गेला. धूर आला. बटन काढलंय." गर्दीत तो ६:१० पर्यंत वाचला गेला नाही. तोवर कॅमेऱ्यातलं दुसरं कार्डही भरलं होतं.

नंतर.
सप्लाय जाताना मदरबोर्ड, एसएसडी आणि हार्ड डिस्कची सर्किटची पट्टी घेऊन गेला. हार्ड डिस्कची पट्टी बदलून जुनी कामं परत मिळाली. एसएसडीतलं काहीच नाही. कॅमेऱ्याच्या कार्डांमधून लग्नाचे ४ फोटो निघाले, अर्धवट. वऱ्हाडातल्या लोकांनी मोबाइलवर घेतलेले ११ व्हिडिओ नवऱ्याच्या भावानं गोळा करून पाठवले. त्यात मंगलाष्टकांचा एकही नव्हता. १० डिसेंबरला ७५० वॅटचा सप्लाय आला. नऊ महिन्यांत तो तीनशे रुपयांनी स्वस्त झाला होता.