युद्धस्मारके आणि 'नाक' हा नामान्त

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेटलेले इंग्रज-मराठे युद्ध एप्रिल १८१८ मध्ये आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या परिसरापर्यंत येऊन पोहोचले. या दीर्घ पाठलागात अनेक माणसे पडली. त्यांपैकी काहींची नावे कोरेगाव-भीमा येथील स्तंभावर आजही वाचता येतात. हा स्तंभ पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यातून सायकलीने निघालेल्या अभ्यासकास खडकी व घोरपडी येथील स्मारके पाहून एका दिवसात तेथवर जाता येते. तिन्ही ठिकाणची नावे लागोपाठ वाचण्यात या प्रवासाचा खरा लाभ आहे.

खडकीच्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांची दफने आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मृत्यू पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांचे स्मारकही तेथेच आहे. ज्यांच्या मूळ थडग्यांची निगा राखणे शक्य उरले नाही, अशांची ही नोंद होय. घोरपडी येथील स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले व १९९८ मध्ये खुले झाले. ते स्वातंत्र्योत्तर काळातील सैनिकांचे आहे.

कोरेगावचा स्तंभ या दोहोंहून जुना. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी केली. त्यावरील लेख इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत आहेत. कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांच्या नावांपैकी २२ नावे 'नाक' या नामान्ताची, म्हणजे महार शिपायांची आहेत.

'नाक' हे 'नायक' या शब्दाचे रूप असावे, असे एक मत आहे. 'नाग' शब्दाशी त्याचा संबंध जोडणारे दुसरे मत आहे. व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी १८१८ मध्ये हा नामान्त हुद्दा दर्शवीत नव्हता, हे स्तंभावरूनच सिद्ध होते. 'रामनाक येसनाक' यासारख्या नावांत तो पुत्र व पिता या दोघांच्याही नावास जोडलेला आहे. आणि 'सोमनाक कमळनाक नाईक' येथे 'नाईक' हा लष्करी हुद्दा त्याच्या जोडीस स्वतंत्रपणे येतो. नामान्त कंपनीच्या चाकरीतून आलेला नाही, याचेही गमक उपलब्ध आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढलेल्या शिदनाकाचे नाव परंपरेने जपले आहे.

पुढे १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. जे शौर्य सरकारने दगडावर कोरविले, त्याचाच सरकारी धोरणास विसर पडला. दगडावरील नावे मात्र पुसली गेली नाहीत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या स्तंभास भेट दिली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरील चिन्हातही हा स्तंभ होता.

कंपनीने हा स्तंभ आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. ज्या समाजाला तो आपला वाटला, त्याने त्यावरील विजयाच्या मजकुरापेक्षा नावे अधिक काळजीपूर्वक वाचली. लोकव्यवहारातून आता 'नाक' हा नामान्त प्रायः गेला आहे. म्हणून स्तंभावरील ही यादी इतिहासाच्या अभ्यासकाइतकीच भाषेच्या अभ्यासकाचीही साधनसामग्री ठरते. आणि अशी यादी वाचण्यासाठी जागेवर जाऊन, वाहनावरून उतरून, थांबावेच लागते.