दूरदेशीचे एकटेपण



प्रवाशांचा इतिहास सांगताना आपण बहुधा अंतरे मोजतो. कोण कोठून निघाला, त्याने किती पर्वत ओलांडले, कोणत्या राजाच्या दरबारी तो पोहोचला आणि येताना काय घेऊन आला, एवढे सांगितले की त्या माणसाची हकीकत पुरी झाली असे आपल्याला वाटते. फाहियान, ह्युएनत्संग आणि इत्सिंग ही नावे आपण शाळेत पाठ केली ती अशीच. एकाने गुप्तांचा काळ पाहिला, दुसऱ्याने हर्षाचा, तिसरा नालंदेत राहिला. दोन गुणांचा प्रश्न, दोन ओळींचे उत्तर. पण ही माणसे वर्षानुवर्षे परक्या मुलखात राहिली ती कशाच्या बळावर? दिवसभर परकी भाषा बोलून थकल्यावर त्यांनी मन कोणापाशी मोकळे केले? गावाकडच्या भाजीची चव त्यांना आठवत होती की नाही? हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. आज मला तेच विचारायचे आहेत.

त्याला एक घरगुती कारणही आहे. या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांची मुलेमुली आज पाठीवर पिशवी टाकून एकटीच परदेशी गेलेली आहेत. काही शिकायला गेली, काही नुसती जग पाहायला. त्यांच्या पत्रांतून, फोनवरच्या बोलण्यातून घरची आठवण डोकावली की आपण चटकन म्हणतो, ‘‘अरे, मन घट्ट कर.’’ घरची ओढ हा मनाचा दुबळेपणा आहे असे आपण गृहीत धरून चालतो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे, आणि तीच आज आपल्यापुढे मांडावी असा माझा विचार आहे.

फाहियानापासून सुरुवात करू. इ. स. ३९९ मध्ये तो चांगआनहून निघाला, तेव्हा त्याने साठी गाठली होती असे मानतात. भिक्षूंच्या आचारनियमांचे ग्रंथ, म्हणजे विनयपिटक, त्याच्या देशात तुटक अवस्थेत होते. ते पुरते मिळवावे एवढाच त्याचा हेतू. सोबत चौघे होते, वाटेत आणखी काही येऊन मिळाले. वाळवंट ओलांडायला सतरा दिवस लागले. वर पक्षी नाही, खाली जनावर नाही. वाटेची खूण म्हणाल तर आधी मेलेल्यांची हाडे. पुढे मंडळी विखुरली. काही पेशावरहून मागे फिरले, एक तेथेच वारला. मग अफगाणिस्तानच्या बर्फाळ डोंगरात हुइजिंग नावाचा सोबती थंडीने गारठला. मला सोडून तुम्ही पुढे व्हा, नाहीतर सगळेच मराल, असे सांगून त्याने प्राण सोडला. फाहियान त्याच्या देहावरून हात फिरवीत रडला आणि मग उठून पुढे चालू लागला.

पाटलिपुत्राला पोहोचेपर्यंत चीनहून निघालेल्यांपैकी ताओचेंग हा एकच सोबती उरला होता. उत्तर हिंदुस्थानात ग्रंथ गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानी जात, लिहिलेली प्रत मिळेना. पाटलिपुत्राला मात्र महासांघिक पंथाच्या विनयाची पोथी मिळाली. तेथे फाहियान तीन वर्षे राहिला, संस्कृत शिकला आणि स्वतःच्या हाताने नकला करीत बसला. येथे दोघांच्या वाटा फुटल्या. ताओचेंगाने येथील भिक्षूंचे शिस्तीचे जीवन पाहिले, आपल्याकडील स्थिती आठवली, आणि आता परत जायचे नाही असे ठरविले. ज्याचा शोध घेत तो आला होता ते त्याला सापडले होते. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण फाहियानाला जे सापडले ते घरी न्यायचे होते. तेव्हापासून तो खरोखर एकटा झाला.

तेथून तो ताम्रलिप्तीला आला, दोन वर्षे पोथ्या उतरविल्या आणि जहाजाने सिंहलद्वीपाला गेला. तेथे एके दिवशी तो एका विहारात जेडच्या बुद्धमूर्तीपुढे उभा होता. कोणा व्यापाऱ्याने मूर्तीपुढे पांढऱ्या रेशमाचा एक पंखा वाहिला. पंखा चीनचा होता. घर सोडून बारा-एक वर्षे झाली होती. या काळात भेटला तो माणूस परका, पाहिला तो डोंगर परका, नदी परकी, झाडझाडोरा परका. बरोबरचे कोणी मेले, कोणी मागे राहिले. आपली सावली तेवढी सोबत होती. तो पंखा दिसला आणि वाळवंटात न डगमगलेल्या त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. ही गोष्ट दुसऱ्या कोणी रचलेली नाही. त्याने ती स्वतःच आपल्या वृत्तांतात नोंदविली, लपविली नाही.

आता पाहा, या रडण्याने त्याचे काम अडले का? मुळीच नाही. तो आणखी ग्रंथ मिळवीत दोन वर्षे सिंहलात राहिला आणि मग दोनशेवर माणसांच्या एका जहाजात बसला. वादळात जहाजाला गळती लागली, व्यापारी माल समुद्रात टाकू लागले. फाहियानाने आपला तांब्या आणि भांडे उचलून फेकले. भीती एकच, की हे लोक आपल्या पोथ्यांना हात घालतील. नव्वदावर दिवसांनी जहाज जावा-सुमात्राच्या बाजूला लागले. तेथून दुसरे जहाज, त्यावरही वादळ. हा श्रमण बरोबर आहे म्हणून संकट आले, याला एखाद्या बेटावर उतरवून द्या, असे काही ब्राह्मण प्रवासी म्हणू लागले. एका माणसाने त्याची बाजू घेतली म्हणून तो वाचला. अखेर इ. स. ४१२ मध्ये जहाज एका अनोळखी किनाऱ्याला लागले. आपण कोठे आलो हे कोणालाच कळेना. तेवढ्यात फाहियानाला किनाऱ्यावर ओळखीची भाजी उगवलेली दिसली, आणि हा आपला देश असे त्याने जाणले. पुढे बुद्धभद्र नावाच्या भारतीय पंडिताबरोबर बसून त्याने आणलेल्या ग्रंथांची भाषांतरे केली. महासांघिक विनयाचा संपूर्ण ग्रंथ आज या दोघांच्या चिनी भाषांतरातच वाचायला मिळतो. मूळ ज्या देशाचे, त्या देशात तो उरला नाही.

ओढ नेहमी अशी फळाला येते असे मात्र नाही. याच्या उलट दिशेने गेलेल्या एका माणसाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडच्या माणसाची आहे. परमार्थ हा उज्जयिनीचा पंडित. इ. स. ५४६ मध्ये तो समुद्रमार्गे दक्षिण चीनला पोहोचला आणि दोन वर्षांनी राजधानी नानकिंगला गेला. सम्राटाने आदर केला. पण लगेच बंड झाले, सम्राट गेला आणि परमार्थाच्या नशिबी गावोगाव भटकणे आले. तशा धामधुमीतही त्याने भाषांतरे चालू ठेवली. मायदेशी परत जाण्याचा त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. इ. स. ५६२ मध्ये तो एकदाचा जहाजात बसला, तर वाऱ्याने जहाज फिरवून कँटनच्या किनाऱ्याला आणून टाकले. हे आपले प्रारब्ध समजून तो तेथेच राहिला. हुइकाय नावाच्या शिष्याबरोबर त्याने वसुबंधूचा अभिधर्मकोश चिनीत आणला. तरी मन खचत गेले. ५६८ मध्ये तो डोंगरात प्राणत्याग करायला निघाला. शिष्यांनी धावत जाऊन त्याला परत आणले. त्याच वर्षी हुइकाय वारला, आणि पुढच्या वर्षारंभी परमार्थही गेला. उज्जयिनीत त्याची कोणी वाट पाहत होते की नव्हते, इतिहास सांगत नाही. त्याचे मोठेपण तेथे कोणाला ठाऊक असण्याचाही संभव नव्हता. फाहियानाला जी दोरी घरापर्यंत घेऊन गेली, तीच परमार्थाच्या गळ्याशी आली. म्हणून घरची ओढ गोड असते असे मी म्हणणार नाही. ती खरी असते, एवढेच म्हणतो.

मग माणूस तरतो कशावर? तरतो तो वाचनावर आणि मैत्रीवर. इत्सिंगाच्या चरित्रात ही दोन्ही दिसतात. इ. स. ६७१ मध्ये तो कँटनहून निघाला. बरोबर येणार म्हणणारे बरेच होते, प्रत्यक्ष आला एक तरुण शिष्य, आणि तोही सुमात्रातील श्रीविजयाहून आजारी पडून परतला. श्रीविजयात इत्सिंग सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला आणि ताम्रलिप्तीला आला. तेथे त्याला महायानप्रदीप नावाचा आपल्याच देशाचा एक भिक्षू भेटला. दोघे बोधगयेच्या वाटेला लागले. वाटेत इत्सिंग तापाने इतका अशक्त झाला की पाच पावले चालावे आणि बसावे. तांडा पुढे निघून गेला. चोरांनी त्याला गाठून अंगावरचे कपडेही काढून घेतले. उजळ कातडीच्या माणसाला येथे बळी देतात असे त्याने ऐकले होते. म्हणून तो चिखलात उतरला, सर्वांगाला चिखल फासला, पाने गुंडाळली आणि काठी टेकीत चालू लागला. रात्री उशिरा एका गावाबाहेर त्याला हाका ऐकू आल्या. महायानप्रदीप अंधारात उभा राहून त्याच्या नावाने ओरडत होता. त्याने मित्राला नेसायला वस्त्र दिले, तळ्यात अंघोळ घातली आणि मग गावात नेले. दूरदेशीच्या मैत्रीची एवढी साधी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही: जो मागे वळून पाहतो आणि हाक मारतो.

नालंदेत दहाएक वर्षे अध्ययन करून इत्सिंग पोथ्यांसह श्रीविजयाला परतला. तेथे भाषांतराला कागद आणि शाई कमी पडली. ६८९ मध्ये तो बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर चढला. हेतू एवढाच की कागद-शाई पाठवा असे पत्र कँटनला धाडावे. इतक्यात वारा अनुकूल झाला, शिडे चढली आणि जहाज निघाले. इत्सिंग न ठरविता अठरा वर्षांनी मायदेशी जाऊन पोहोचला! कोणालाही वाटेल की आता सुटला. पण पोथ्या श्रीविजयात राहिल्या होत्या. त्याच वर्षी चार मदतनीस घेऊन तो परत फिरला, आणि ६९५ मध्ये सुमारे चारशे ग्रंथ घेऊनच कायमचा घरी आला. मधल्या काळात त्याने आपल्यासारख्या छप्पन भिक्षूंची चरित्रे लिहून काढली. त्यांतले बहुतेक वाटेत किंवा परमुलखात मेलेले. ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही त्यांची नावे त्याने जपली.

शेवटी थोडे मागे जाऊन ह्युएनत्संगाकडे वळतो. इ. स. ६४१ च्या सुमारास तो आपल्या महाराष्ट्रात आला होता. पुलकेशीच्या राज्यातील लोक साधे, मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे, असे त्याने लिहिले आहे. हे वर्णन आपण मोठ्या हौसेने सांगतो. पण उपकार न विसरण्याचा गुण त्याच्या स्वतःच्या अंगी किती होता, ते कमी सांगितले जाते. जाताना तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाने त्याला ठेवून घेण्याचा हट्ट धरला. ह्युएनत्संगाने अन्न वर्ज्य केले, तेव्हा राजा नमला. त्याने पुढील प्रवासाची सर्व सिद्धता करून दिली आणि परत येताना तीन वर्षे आपल्याकडे राहण्याचे वचन घेतले. परतताना समुद्रमार्ग खुला होता, तरी या वचनासाठी त्याने खुष्कीची वाट धरली. तोवर राजा वारला होता आणि ६४० मध्ये त्याचे राज्यही बुडाले होते. वचन कोणाला द्यायचे तो माणूसच राहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्यांची बासने नदीत गेली. ६४५ मध्ये तो चांगआनला पोहोचला तो ६५७ ग्रंथ घेऊन, आणि भाषांतराला बसला. सात वर्षांनी, ६५२ मध्ये, बोधगयेहून एक भिक्षू पत्र घेऊन आला. पत्र ज्ञानप्रभ आणि प्रज्ञादेव या दोघांचे. सोबत दोन सुती वस्त्रांची भेट. प्रज्ञादेव हीनयानी, कनोजच्या सभेत ह्युएनत्संगाशी त्याचा कडाक्याचा वाद झालेला. तरी त्याने आठवण ठेवली होती. ६५४ मध्ये ह्युएनत्संगाने उत्तरे धाडली. नालंदेतील आपले गुरू शीलभद्र निवर्तल्याचे कळून किती दुःख झाले ते लिहिले. वादात आपल्या तोंडून कठोर शब्द गेला असल्यास मनात ठेवू नये, असे प्रज्ञादेवाला विनविले. आणि पत्राबरोबर सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून, जमल्यास त्यांच्या प्रती पाठवाव्यात अशी विनंती केली. हे वाचताना माझ्या मनात येते, की या वेळी घर कोणते आणि परदेश कोणता? चांगआनच्या मठात बसून तो माणूस आता नालंदेसाठी झुरत होता.

श्रोतेहो, सन १८६१ च्या सुमारास कनिंगहॅमने ह्युएनत्संगाच्या वृत्तांतातील दिशा आणि अंतरे धरून नालंदेची जागा ओळखली. आपला स्वतःचा इतिहास आपण या परदेशी एकट्या माणसांच्या वह्यांतून शिकलो. त्यांनी इतके बारकाईने का लिहिले? कारण हे सर्व घरी जाऊन सांगायचे होते. ज्याला घरी सांगायचे असते तोच नीट पाहतो आणि नीट उतरवून घेतो. ताओचेंगाने आपला मार्ग निवडला आणि त्याला शांती लाभली असेल. पण त्याच्या हातची एकही ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही.

तेव्हा दूरदेशीच्या मुलाने एखाद्या रात्री फोनवर हुंदका दिला, तर मन घट्ट कर असे त्याला लगेच सांगू नका. काय वाचतोस ते विचारा, तेथे कोण मित्र झाला ते विचारा, आणि त्याने पाहिलेले सगळे सावकाश ऐकून घ्या. परमार्थाला ऐकणारे कोणी उज्जयिनीत नव्हते. आपल्या मुलांना ते घरात असावे, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.