नरकाग्नी आणि रॉक अँड रोल

1957 च्या ऑक्टोबरात मेम्फिसच्या सन स्टुडिओत 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'चे ध्वनिमुद्रण अडले ते पापाच्या भीतीने. असले संगीत सैतानाचे, असे म्हणत जेरी ली लुईस हटून बसला आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स त्याची समजूत घालत राहिला. टेप चालूच होती, म्हणून हा वाद आजही ऐकता येतो. इंग्रजी गाण्यांच्या शीर्षकांत पुढे आगीचा सुकाळ झाला आणि ती वासनेची ठरीव उपमा म्हणून आपण ऐकून सोडून देतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गाण्यांपुरती तरी ही समजूत अपुरी आहे. तिथली आग चर्चमधून आली, आणि येताना नरकाची धग घेऊन आली.

लुईस लुइझियानातल्या फेरिडेचा, 'असेंब्लीज ऑफ गॉड' या पेंटेकॉस्टल चर्चमध्ये वाढलेला. देवाचे गाणे बूगी-वूगीच्या ठेक्यावर वाजवले म्हणून टेक्सासच्या बायबल शाळेने त्याला काढून टाकले होते. त्याच्या नात्यातला जिमी स्वॅगर्ट पुढे नामांकित धर्मप्रचारक झाला. या पंथात आग दोन रूपांनी भेटते. एक पाप्याची वाट पाहणारा नरक; दुसरी पवित्र आत्म्याची, 'प्रेषितांची कृत्ये'च्या दुसऱ्या अध्यायात जिभांच्या रूपाने भक्तांवर उतरणारी. देह थरथरवणारी आग या मंडळींनी रविवारी सकाळीच अनुभवलेली असे. तीच शनिवारी रात्री स्त्री-पुरुषांच्या ओढीला लावली, की गाणे पाखंडी ठरे आणि खपेही. यावर कोणी म्हणेल, गाणे तर ब्रुकलिनच्या ऑटिस ब्लॅकवेलने लिहिले, शीर्षक जॅक हॅमरने सुचवले, आणि 'गॉन विथ द विंड'मधली स्कार्लेटही तोच उद्गार काढते. यात प्रवचन कुठे आले? खरे आहे. ब्लॅकवेलसाठी तो नुसता चटकदार उद्गार असेल. फेरिडेच्या माणसाने मात्र त्यात नरक ऐकला, आणि रेकॉर्डवर जी थरारक घाई आहे ती त्याच्या गळ्यातली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: प्रेमाला आग म्हणणे ही काही ख्रिस्ती लोकांची मिरास नाही. विरहाग्नीने पोळलेल्या नायिका संस्कृत काव्यात पानोपानी आहेत. पण विरहिणी जळते ती प्रियकर दूर म्हणून. त्याच्यावर प्रेम केले हा तिचा गुन्हा नसतो. 'रिंग ऑफ फायर'मध्ये नेमका तो गुन्हा आहे. जून कार्टर आणि मर्ल किलगोर यांनी हे गाणे लिहिले, जॉनी कॅशने 1963 मध्ये गायले. तेव्हा एकमेकांच्या प्रेमात पडलेले कॅश आणि जून दोघेही आपापल्या वेगळ्या संसारांत होते. एल्विस प्रेस्लीचेही बालपण असेंब्लीज ऑफ गॉडमधलेच. त्याचे 'बर्निंग लव्ह' आणि 'ही टच्ड मी' हा भक्तिगीतांचा अल्बम, दोन्ही 1972 चे; दोन्ही आगी एकाच गळ्यात.

दक्षिणेबाहेर ही धग लवकर निवली. इंग्लंडच्या आर्थर ब्राउनने 1968 मध्ये डोक्यावर पेटते शिरस्त्राण घालून 'फायर' गायले तेव्हा नरक हा नाटकातला देखावा झाला होता. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ला तर बायबलशी काही देणेघेणे नाही; 4 डिसेंबर 1971 रोजी माँत्रोचा कॅसिनो जळाला, त्याची ती सरळ हकीकत आहे. असली गाणी माझ्या मुद्द्याच्या कक्षेबाहेरची, आणि ती तिथेच ठेवलेली बरी. जमैकाचे तसे नाही. तिथल्या वेलर्स या बँडने 1973 या एकाच वर्षी 'कॅच अ फायर' आणि 'बर्निन' हे अल्बम काढले. हे गायक ज्या रास्ताफारी पंथाचे, त्याची आगही बायबलमधलीच, पण ती एकट्यादुकट्या पाप्यावर नव्हे, 'बॅबिलॉन'वर, म्हणजे गुलाम करणाऱ्या सत्तेवर कोसळते. बाजाराला एवढी आग पेलवली नसावी. आयलंड या रेकॉर्ड कंपनीने 'कॅच अ फायर'च्या पहिल्या आवृत्तीचे वेष्टन उघडझाप करणाऱ्या झिप्पो लायटरसारखे बनवले. ते महाग पडले, म्हणून पुढच्या वेष्टनावर गांजाची भलीमोठी विडी ओढणारा वेलर्सचा गायक बॉब मार्ली आला.